शर्यत पाहणाऱ्याच्या बाजूने

सायकलच्या शर्यती आवडीने पाहणारा माणूस आमच्या वाशीम जिल्ह्यात भेटला, तर लोक एकतर त्याची कीव करतात किंवा त्याच्यावर चिडतात. कीव करणारे विचारतात, "काहून पाह्यता जी हे? सायकलच त चालवून राह्यले!" चिडणारे जरा जास्त शिकलेले असतात. त्यांचं म्हणणं असं की हा युरोपातल्या पोट भरलेल्या लोकांचा खेळ आहे, त्यातले निम्मे औषधं घेऊन पळतात आणि पाच-पाच तास मोबाइलसमोर बसून तो पाहणं हा रिकामपणाचा उद्योग आहे. शिवाय केंद्र सरकारने २०१८ साली ज्या वाशीमला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं, तिथे तर असले शौक शोभतच नाहीत. शेवटी ठरलेला टोला असतो: सायकलचं एवढं वेड आहे, तर स्वतः चालवा की!

हे आरोप चुकीचे तर आहेतच, पण त्यांनी नुकसानही होतं. महाराष्ट्रात सायकल मारणाऱ्या पायांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती शर्यत समजून पाहणाऱ्यांची, आणि पाहणारे नाहीत म्हणून इथे हा खेळ मूळ धरत नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच. पण ते पटवायचं तर एकेक आरोप हातात घ्यावा लागेल.

"त्यात बघण्यासारखं काय?" या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीचे सगळे आरोप त्याच्याच पोटातून निघतात. हा प्रश्न विचारणारा माणूस हिवाळ्यात शंकरपटाला मात्र हमखास जातो. पटावर काय दिसतं? जोडी सुटते, धुरकरी वाकून ओरडतो, धुरळा उडतो आणि काही सेकंदांत सगळं संपतं. तेवढ्यासाठी लोक भर उन्हात दिवसभर उभे राहतात. जोडी कुणाची, उजवीकडचा गोऱ्हा कुठून आणला, मागच्या पटात त्याने किती वेळ घेतला, धुरकरी नवा की जुना, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. त्या माहितीमुळेच ते काही सेकंद त्यांना मोलाचे वाटतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये या शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरवला, तेव्हा पटाच्या शौकिनांना केवढा आनंद झाला! त्यांना कुणी रिकामे म्हटलं नाही. सायकल शर्यतीचा शौकीनही तसाच, माहितीच्या जोरावर पाहणारा माणूस आहे. फरक असलाच, तर त्याला समजून घ्यावं लागतं ते पटाहून पुष्कळ जास्त आहे.

मुळात लढत वाऱ्याशी असते. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून चाललं की साधारण तिसरा हिस्सा कष्ट वाचतात, आणि दीडशे जणांच्या घोळक्याच्या मधोमध त्याहून बरेच जास्त. या एका गोष्टीतून सगळं राजकारण जन्माला येतं. सुरुवातीलाच चार-पाच जण पळ काढतात. घोळका त्यांना मुद्दाम जाऊ देतो. फार दूर जाऊ दिलं तर ते हाती लागत नाहीत, आणि लवकर पकडलं तर लगेच दुसरे ताजे गडी निसटतात. म्हणून त्यांना तीन-चार मिनिटांच्या अंतरावर झुलवत ठेवायचं आणि शेवटी गाठायचं. फ्रेंच समालोचक रॉबेर शापात यांच्या नावाने एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: घोळका मनावर घेऊन निघाला की दहा किलोमीटरमागे एक मिनिट भरून काढतो. तीस किलोमीटर उरलेत आणि आघाडी तीन मिनिटांची आहे, म्हणजे पकडापकडी अगदी रेषेवर होणार. आघाडी साडेतीन मिनिटांची असेल तर पळालेल्यांना संधी आहे. मग बाजूने वारा सुटतो, घोळका रस्त्यावर तिरका पसरतो, कडेला सापडलेल्यांना आडोसा मिळत नाही, ते तुटतात, आणि मघाचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. हे ज्याला कळतं त्याला पाच तास कंटाळा येत नाही. ज्याला कळत नाही त्याला सायकली दिसतात.

२०२४च्या टूर द फ्रान्सचा पहिला आठवडा घ्या. २९ जूनला पहिला टप्पा होता, फ्लॉरेन्स ते रिमिनी, २०६ किलोमीटर, कडक उन्हात. ३९ वर्षांचा मार्क कॅव्हेंडिश सुरुवातीच्याच चढावर मागे पडला. त्याला उलट्या होत होत्या. टूरमध्ये टप्पे जिंकण्यात तो थोर एडी मर्क्सच्या बरोबरीला, ३४ वर होता, आणि फक्त पस्तिसाव्यासाठी निवृत्ती लांबवून आला होता. विजेत्यानंतर ठरावीक वेळेच्या आत रेषा ओलांडली नाही, तर तो पहिल्याच दिवशी घरी जाणार होता. त्याच्या अस्ताना संघाचे सहकारी मागे थांबले. त्याला मध्ये घेऊन, पाणी देत, त्याच्या चालीने चालत त्यांनी एकेक चढ ओलांडला. ते सगळ्यांच्या शेवटी आले, पण वेळेत आले. ३ जुलैला पाचव्या टप्प्यात, सँ-व्हुलबा गावात, कॅव्हेंडिशने पस्तिसावा विजय मिळवला. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एकच नाव होतं. पण ज्यांनी पहिला दिवस पाहिला होता, त्यांना हा विजय आणखी कुणाकुणाचा आहे हे माहीत होतं. पहिल्या नंबराला हारतुरे घालून बाकीच्यांना विसरून जाण्याची आपली सवय पाहता, असा खेळ मुलांना आवर्जून दाखवावा असं मला वाटतं.

आता "परका खेळ" हा आरोप. मुंबई-पुणे सायकल शर्यतीची परंपरा १९४५ पासूनची आहे. बोरघाटात जो सर्वांत आधी माथ्यावर पोचतो, त्याला 'घाटाचा राजा' हा किताब देण्याची आपली रीत आहे. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला भारताने सायकलपटू पाठवले होते, आणि त्यांत मुंबईचे पारशी तरुण होते. १९५२ला हेलसिंकीत आणि १९६४ला टोकियोतही आपले स्वार गेले. त्यानंतर आजपर्यंत भारताचा एकही सायकलपटू ऑलिंपिकमध्ये उतरलेला नाही. मधल्या काळात देशात सायकली काही कमी झाल्या नाहीत. खेड्यातला दूधवाला, पेपरवाला, शाळेत जाणारी पोरं सगळे सायकलीवरच होते. चालवणारे लाखोंनी असताना खेळ खाली गेला, याचा अर्थ उणीव चालवण्याची नव्हती. क्रिकेट तर साहेबाबरोबर आलं आणि ऐकणाऱ्यांमुळे आपलं झालं. पारावर रेडिओभोवती गोळा होऊन धावफलक ऐकणाऱ्या लोकांमुळे ते वऱ्हाडातल्या खेड्यात पोचलं, आणि त्या लोकांतल्या बहुतेकांनी उभ्या आयुष्यात खऱ्या मैदानावर पाऊल ठेवलं नव्हतं.

म्हणूनच "बघता काय, चालवा" हा टोला मला सगळ्यांत पोकळ वाटतो. पाहणं आणि करणं या जणू एकमेकींच्या वैरिणी आहेत, असं तो गृहीत धरतो. या खेळाचा इतिहास नेमका उलटा आहे. टूर द फ्रान्स सुरू केली ती 'लोटो' नावाच्या वर्तमानपत्राने, १९०३ साली, आपला खप वाढावा म्हणून. साठ जण निघाले, सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर कापून एकवीस जण पॅरिसला पोचले आणि मोरीस गारँ जिंकला. बहुसंख्य फ्रेंच लोकांनी ती शर्यत डोळ्यांनी पाहिलीच नाही, वाचली. पत्राचा खप सुमारे २५ हजारांवरून ६५ हजारांवर गेला. आधी वाचक आले आणि त्यांच्या उत्सुकतेवर शर्यत उभी राहिली.

कोलंबियाचं उदाहरण आपल्याला आणखी जवळचं आहे. डोंगराळ देश, खराब रस्ते आणि गरीब शेतकरी. १९५१ साली तिथे देशाची फेरी मारणारी पहिली सायकल शर्यत झाली आणि रेडिओने ती गावोगाव पोचवली. पुढच्या पिढ्या त्या आवाजावर वाढल्या. लुचो एरेरा नावाचा, आधी माळीकाम करणारा पोरगा १९८४ साली आल्प द्युएझच्या घाटावर टूरचा टप्पा जिंकून गेला आणि १९८७ साली त्याने स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत जिंकली. नंतर आला बोयाका प्रांतातला नैरो किंताना, शेतकरी कुटुंबातला, डोंगरातून सायकल मारत शाळेत जाणारा. २०१४ला तो इटलीच्या शर्यतीत अव्वल आला. २०१९ला एगान बेर्नालने, वयाच्या बाविसाव्या वर्षी, टूर द फ्रान्स जिंकली, आणि हा मान मिळवणारा तो पहिला लॅटिन अमेरिकी ठरला. १९५१ ते २०१९, अडुसष्ट वर्षं. एवढा काळ घराघरांतून शर्यत ऐकली गेली, पाहिली गेली, तिच्यावर वाद घातले गेले. ते ऐकणारे सगळेच रिकामटेकडे होते का?

"आधी पाणी, रोजगार, मग खेळ" म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. इरिट्रिया हा आपल्या जिल्ह्याहूनही बिकट परिस्थितीतला देश. इटालियन राजवटीत तिथे सायकल आली, आणि लोकांनी ती आपलीशी केली. तिथल्या दानिएल तेक्लेहायमानोतने २०१५च्या टूरमध्ये डोंगरांच्या राजाची ठिपक्यांची जर्सी घातली. १ जुलै २०२४ला, मघाशी सांगितलेल्या त्याच आठवड्यात, बिनियाम गिरमायने तुरीनला टप्पा जिंकला. टूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी. पुढे आणखी दोन टप्पे आणि हिरवी जर्सी घेऊनच तो परतला. सप्टेंबर २०२५मध्ये रस्त्यावरच्या सायकलिंगची जागतिक स्पर्धा प्रथमच आफ्रिकेत झाली, रवांडातल्या किगालीत. या देशांनी पोट भरण्याची वाट पाहिली नाही. आणि पाणी-रोजगाराचा प्रश्न खेळ न पाहिल्याने सुटतो, असं मी तरी कुठे पाहिलेलं नाही. आयपीएलच्या दोन महिन्यांत हा युक्तिवाद करणारे कुठे असतात?

शिवाय या खेळाइतका स्वस्त खेळ पाहणाऱ्यासाठी दुसरा नाही. तिकीट नाही, स्टेडियम नाही. जगातला सर्वोत्तम स्वार तुमच्या बांधापासून हातभर अंतरावरून जातो आणि फुकट जातो. रिकामपणाचं म्हणाल, तर घड्याळ पाहा. जुलैत टूरचा टप्पा तिकडे संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला संपतो, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात. सोयाबीनची डवरणी करून घरी आलेला शेतकरी, दुकान बंद करून आलेला माणूस, अभ्यास उरकलेली मुलगी, कुणीही जेवता जेवता शेवटचे तीस किलोमीटर पाहू शकतं. कुणाचं कोणतंही काम त्यात बुडत नाही.

मुलीचा उल्लेख मी सहज केलेला नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. आमच्याकडे सकाळी रस्त्याच्या कडेने, दप्तर कॅरिअरला अडकवून, वेण्या उडवत जाणाऱ्या मुली दिसतात. समोरून ट्रक आला की त्या एका रांगेत येतात, आणि वारा तोंडावर असेल तर कुणी न शिकवता एकमेकींच्या मागे लागतात. या खेळाचा पहिला धडा त्यांना आपोआप कळलेला आहे. पण सायकलची शर्यत असते, बायकांची असते, त्यात पगार मिळतो, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. २०२४च्या महिलांच्या टूर द फ्रान्समध्ये आल्प द्युएझच्या माथ्यावर पोलंडची काशिया न्येवियादोमा आणि नेदरलँड्सची डेमी फोलेरिंग यांच्यात आठ टप्प्यांनंतर फरक पडला चार सेकंदांचा. जिंकलेली काशिया शेतकरी घरातली. तो शेवटचा घाट आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत पडद्यावर दाखवला, तर किती मुली दुसऱ्या दिवशी आपल्या सायकलकडे वेगळ्या नजरेने पाहतील! महाराष्ट्राच्या मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारतातर्फे सायकलिंगमध्ये उतरल्या. आमच्या गावात किती जणांनी त्यांची नावं ऐकली आहेत? ती ठाऊक नसण्यात त्या मुलींचा काय दोष? आपण पाहिलं नाही, हीच खरी गोष्ट आहे.

विदर्भापुरतं बोलायचं तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांचं नाव घ्यायलाच हवं. २०१७ साली त्यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' बारा दिवसांच्या आत एकट्याने पूर्ण केली. त्यांच्या काही तास आधी लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ पोचले होते. त्याआधी २०१५ला नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात हीच शर्यत पुरी केली होती. ही व्यावसायिक संघांची शर्यत नव्हे, आणि तिला टीव्हीही नसतो. मागे राहिलेले लोक नकाशावर सरकणारा एक ठिपका पाहत असतात. ठिपका थांबला, म्हणजे माणूस झोपला असेल. पुन्हा हलला की यांच्या जिवात जीव येतो. यात "बघण्यासारखं" डोळ्यांना काहीच नाही, आणि तरीही लोक रात्र जागवतात. आपला माणूस शर्यतीत असला की पाहणं कसं आपोआप येतं, हे विदर्भाला त्या उन्हाळ्यात कळलेलं आहे.

औषधांचा आरोप मात्र गंभीर आहे, आणि तो झटकून टाकणारा चाहता मला मान्य नाही. १९९८ला फेस्टिना संघाची गाडी उत्तेजकांनी भरलेली सापडली. त्यानंतर लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ सलग सात वेळा टूर जिंकली आणि २०१२ साली ती सातही विजेतेपदं काढून घेण्यात आली. त्या सात वर्षांच्या रकान्यात आज कुणाचंही नाव नाही. पण हे उजेडात आणण्यासाठी झगडलं कोण? डेव्हिड वॉल्शसारखा पत्रकार, ज्याने खटले आणि शिव्या सोसून वर्षानुवर्षं प्रश्न विचारले. पॉल किमेजसारखा माजी स्वार, ज्याने १९९०मध्येच पुस्तक लिहून आतली गोष्ट सांगितली. ही खेळावर प्रेम करणारी माणसं होती, आणि त्यांना घाट चढायला माणसाला किती वेळ लागतो हे माहीत होतं, म्हणूनच आकडा खोटा वाटला तेव्हा ती थबकली. ज्याने कधी शर्यत पाहिली नाही, त्याला संशयही नीट घेता येत नाही. तो फक्त "सगळे चोर" म्हणू शकतो, आणि तसं म्हटल्याने एकही चोर सापडत नाही. खेळ स्वच्छ राहावा असं वाटत असेल, तर त्याला जाणते आणि हट्टी प्रेक्षक हवेत.

जानेवारी २०२६मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय दर्जाची, ४३७ किलोमीटरची शर्यत पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर आली. तिच्यामागे एक सूर ऐकू आलाच: परदेशी स्वारांसाठी रस्ते गुळगुळीत करता, मग आमच्यासाठी का नाही? प्रश्न अगदी बरोबर आहे आणि तो विचारत राहावा. पण तो शर्यतीच्या विरोधात वापरणं चूक आहे. सायकलच्या अरुंद चाकाला रस्त्यातला एकेक खड्डा कळतो. शर्यत जिथून जाते, तिथल्या रस्त्याचा हिशोब साऱ्या लोकांसमोर मांडला जातो. मला तर वाटतं, अशी शर्यत पाच जिल्ह्यांतून जावी आणि त्यात वाशीम असावं. पातूरचा घाट चढून मेडशी, मालेगाव, वाशीम, पुढे मंगरूळपीर आणि कारंजा, नाहीतर मानोऱ्याहून पोहरादेवीकडे: चढ-उतार आहेत, वारा आहे, दोन्ही बाजूंना उभं राहायला झाडंही आहेत.

पण शर्यत येईल तेव्हा येईल. तोवर करण्यासारखं पुष्कळ आहे. जिल्ह्याच्या पानांवर क्रिकेटच्या चार स्तंभांशेजारी राष्ट्रीय सायकल स्पर्धेच्या निकालाला चार ओळी द्या, असं मी इथल्या पत्रकार मित्रांना विनवतो. शिक्षकांना विनंती अशी की सायकली वाटपाच्या कार्यक्रमात भाषण आटोपतं घ्या आणि मुलींना एका शर्यतीची शेवटची वीस मिनिटं दाखवा. आणि ज्यांनी मला रिकामा ठरवलं, त्यांना एवढंच सांगणं आहे: येत्या जुलैत डोंगरातला एक टप्पा निवडा, रात्री आठला बसा, पुढे कोण किती मिनिटांनी आहे ते कागदावर लिहा आणि दहा किलोमीटरला एक मिनिट हा हिशोब लावत नऊपर्यंत पाहा. मग माझ्याशी वाद घालायला या.